दम्याचा पंप लवकर संपतोय? इनहेलर सुरक्षितपणे वापरण्याविषयी

ओपीडीत एक रिक्षाचालक गृहस्थ आले होते. पिशवीतून त्यांनी तीन पंप काढून टेबलावर ठेवले. दोन रिकामे, एक अर्धा. "डॉक्टर, हा पंप एक नंबर आहे. दोन फवारे मारले की पाच मिनिटांत छाती मोकळी. फक्त हल्ली लवकर संपतो. मेडिकलवाला देतो लगेच, त्याची अडचण नाही." रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायला दिलेला दुसरा पंप कुठे आहे, असे विचारल्यावर म्हणाले, "तो कपाटात आहे. त्याने काही फरकच पडत नाही, म्हणून बंद केला."

दम्याच्या रुग्णांकडून हे इतक्या वेळा ऐकले आहे की पुढचे वाक्य मी आधीच सांगू शकतो. ज्या पंपाने लगेच बरे वाटते तो चांगला, ज्याने काही वाटत नाही तो निरुपयोगी, असा हिशोब माणूस साहजिकच करतो. दम्यात मात्र हा हिशोब उलटा पडतो आणि कधीकधी जिवावर बेततो.

दोन पंपांची दोन कामे

दम्यात श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी घडत असतात. एक म्हणजे नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे अचानक दम लागतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. दुसरी म्हणजे नलिकेच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. ही सूज दिसत नाही, दुखत नाही, पण धूळ, धूर, सर्दी किंवा ओल लागली की स्नायू आवळण्याचे कारण तीच असते.

साल्बुटामॉल (अस्थालिन या नावाने बहुतेकांना माहीत असलेले औषध) आणि लेव्होसाल्बुटामॉल हे पहिल्या गोष्टीवर काम करतात. स्नायू सैल होतात आणि काही मिनिटांत मोकळे वाटते. हा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सुजेवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. सूज कमी करतात ती श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइड औषधे, म्हणजे ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन. त्यांचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, पूर्ण फायदा कळायला काही आठवडे. फवारा घेतल्यावर त्याच क्षणी काही वाटत नाही, ते यामुळेच.

घराचे छप्पर गळते आहे आणि आपण खाली बादली ठेवतो, तसा आराम देणारा पंप. बादली हवीच, नाहीतर घरभर पाणी होईल. पण वर्षभर नुसत्या बादल्या बदलत राहिलो तर एखाद्या मोठ्या पावसात छप्परच खाली येते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत आयसोप्रेनालिन या औषधाचे तीव्र मात्रेचे पंप आले आणि त्याच काळात दम्याने होणारे मृत्यू, विशेषतः तरुणांमधले, वाढले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या औषधाबाबत तसेच घडले. आजचे साल्बुटामॉल या दोन्हींपेक्षा बरेच सुरक्षित आहे. पण केवळ आराम देणाऱ्या पंपावर दमा रेटत राहण्याचा धोका पुढच्या अभ्यासांतही दिसत राहिला. २०१९ मध्ये 'जीना' या दम्यावरील जागतिक मार्गदर्शक गटाने मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना फक्त साल्बुटामॉलवर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले. दमा सौम्य असला तरीही.

मोजायला सोपी अशी एक खूण आहे. साल्बुटामॉलच्या नेहमीच्या पंपात २०० फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील, म्हणजे सरासरी रोज दीड-पावणेदोन फवारे, तर दम्याचा मोठा अटॅक येण्याची शक्यता वाढते. वर्षाला बारा किंवा जास्त, म्हणजे महिन्याला एक, लागत असेल तर मृत्यूचा धोका वाढतो. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा आरामाचा पंप काढावा लागतो किंवा रात्री दम लागून जाग येते, तेव्हाच डॉक्टरांकडे जायची वेळ झालेली असते. नवा पंप उघडला की त्यावर पेनाने तारीख लिहा. पुढच्या भेटीत ती तारीख डॉक्टरांना तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगून जाईल.

आमच्या रिक्षाचालकांना महिन्याला एक पंप लागत होता.

"पंपाची सवय लागते ना?"

हा प्रश्न लग्नाच्या मुलीची आई हमखास विचारते, आणि तोही दबक्या आवाजात. पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. म्हणून थोडे आकडे पाहू.

साल्बुटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात असते १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके औषध असते, आणि ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या शरीरात फिरून मग थोडेसे छातीत पोहोचते. हात थरथरणे, छाती धडधडणे हे त्रास गोळीने म्हणूनच जास्त होतात. पंपातले औषध जिथे हवे तिथे थेट जाते.

स्टेरॉइडचेही तसेच. अटॅक आल्यावर द्याव्या लागणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांची मोठ्या माणसाची मात्रा बहुधा रोज ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम असते. ब्युडेसोनाइडचा पंप दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम घेतला तर वर्षभरात एकूण १४६ मिलिग्रॅम होतात. चार दिवसांच्या गोळ्यांपेक्षा कमी. दोन्ही स्टेरॉइडांची ताकद मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नसते, त्यामुळे ही तुलना काट्यावर तोलायची नाही, पण अंतर किती आहे हे त्यातून कळते. जो माणूस "स्टेरॉइड नको" म्हणून पंप टाळतो आणि दर दोन महिन्यांनी दम लागला की इंजेक्शन घेऊन येतो, त्याच्या शरीरात स्टेरॉइड कितीतरी जास्त जाते, कारण त्या इंजेक्शनातही बहुतेकदा स्टेरॉइडच असते.

पंपाच्या स्टेरॉइडला दुष्परिणाम नाहीतच असे मी म्हणणार नाही. तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो. मोठी मात्रा वर्षानुवर्षे चालली तर हाडे, डोळे यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते. लहान मुलांची उंची सरासरी सुमारे एका सेंटिमीटरने कमी भरू शकते, पण हा फरक मुख्यतः सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतला असतो, दरवर्षी वाढत जात नाही. नियंत्रणाबाहेरचा दमा मुलाची वाढ, झोप आणि शाळा यांचे नुकसान करतो ते वेगळेच. डॉक्टर कमीत कमी मात्रेवर यायचा प्रयत्न करतात. साधारण तीन महिने दमा शांत राहिला की मात्रा एक पायरी खाली आणता येते. ही पायरी स्वतः उतरू नका, आणि बरे वाटते म्हणून एकदम बंद तर मुळीच करू नका. गरोदरपणातही पंप बंद करायचा नसतो. आईला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर बाळालाही मिळत नाही.

मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासा गिळायला आपल्याकडूनही दम्याचे रुग्ण जातात. श्रद्धेबद्दल मी वाद घालत नाही. पण तिथून आल्यावर पंप कपाटात टाकू नका. पावसाळ्याची सुरुवात आहे, ओल आहे, सर्दी-पडसे आहे. पंप बंद करायला वर्षातला याहून वाईट महिना शोधून सापडणार नाही.

औषध छातीत जाते की घशात?

"रोजचा पंप घेतला, तरी काही उपयोग नाही" असे म्हणणाऱ्या रुग्णाला मी आधी पंप घेऊन दाखवायला सांगतो. तिथेच बहुतेक वेळा उत्तर मिळते. फवारा जोरात बाहेर येतो, घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि गिळला जातो. पद्धत अचूक असली तरी साध्या पंपातून औषधाचा थोडाच भाग फुप्फुसात पोहोचतो, आणि चुकली तर जवळजवळ काहीच नाही. मग डॉक्टर मात्रा वाढवतात, खर्च वाढतो, दमा तिथेच.

फवाऱ्याचा पंप असेल तर टोपण काढून तोंडाचा भाग आत डोकावून पाहा. हे हसण्यावारी नेऊ नका. टोपणाशिवाय पर्समध्ये पडलेल्या पंपात नाणे किंवा पिन अडकून ते श्वासाबरोबर आत गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. पंप नीट हलवा. नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर एक-दोन फवारे हवेत सोडा. ताठ बसा किंवा उभे राहा. छातीतली हवा सावकाश पूर्ण बाहेर सोडा, ओठ पंपाभोवती घट्ट मिटा, हळू श्वास आत घ्यायला लागा आणि त्याच वेळी पंप एकदा दाबा. श्वास मध्येच तोडू नका, चार-पाच सेकंद तो सावकाश आत जाऊ द्या. मग पंप काढून तोंड मिटा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि हेच पुन्हा करा. दोन्ही फवारे एकदम दाबून एका श्वासात घेणारे खूप आहेत. त्याने दोन फवाऱ्यांचे औषध मिळत नाही.

दाबणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमणे सोपे नाही. मला स्वतःला विद्यार्थिदशेत रिकाम्या पंपावर सराव करताना तो पाच-सहा प्रयत्नांनंतर जमला होता, आणि मला तेव्हा दम लागलेला नव्हता. म्हणून स्पेसर वापरा. ही प्लास्टिकची पोकळ नळी असते. पंप एका टोकाला लावायचा, दुसरे टोक तोंडात धरायचे. फवारा आधी नळीत जातो, त्याचा जोर मोडतो, मोठे थेंब नळीतच चिकटतात आणि बारीक कण श्वासाबरोबर छातीत जातात. स्पेसर फक्त लहान मुलांचा, हा गैरसमज आहे. म्हाताऱ्या माणसांना, हात थरथरणाऱ्यांना आणि अटॅकच्या वेळी सगळ्यांनाच तो हवा. अगदी लहान मुलांना स्पेसरला मास्क लावून द्यावा लागतो. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा आणि एका फवाऱ्यानंतर मुलाला पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. मूल रडत असेल तर औषध आत फारसे जात नाही. आधी कडेवर घेऊन शांत करा, घाई नको.

स्पेसर धुताना साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच हवेत वाळू द्या. फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसते. आपल्या घरातल्या स्वच्छतेच्या सवयीत हे बसत नाही, पण इथे न पुसणेच बरोबर.

कॅप्सूलचा पंप आणि गिळलेली कॅप्सूल

आपल्याकडे रोटाहेलरचा वापर खूप आहे. पट्टीतल्या किंवा बाटलीतल्या कॅप्सूल आणि एक प्लास्टिकचे छोटे यंत्र. या कॅप्सूल दिसतात गोळ्यांसारख्या, मिळतात गोळ्यांबरोबर, आणि मग पाण्याबरोबर गिळल्याही जातात. एक आजी तीन महिने इमाने-इतबारे रोज दोन कॅप्सूल गिळत होत्या. यंत्राचे काय केले, असे विचारल्यावर "ते पाकिटात होते, नातवाने खेळायला घेतले" म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. कॅप्सूल हातात देताना कोणीतरी दोन मिनिटे दाखवायला हवे होते. घरात वयस्कर माणूस पंपावर असेल तर एकदा समोर बसून ते औषध नेमके कसे घेतात ते पाहा. विचारू नका, पाहा.

कॅप्सूलचे पारदर्शक टोक खाली ठेवून ती यंत्राच्या चौकोनी भोकात दाबून बसवायची आणि खालचा भाग थांबेपर्यंत फिरवायचा, म्हणजे ती आत उघडते. यंत्र तोंडात धरण्यापूर्वी श्वास बाहेर सोडा, यंत्रात मात्र फुंकू नका, पूड ओली होते. इथे श्वास घेण्याची पद्धत फवाऱ्याच्या पंपाच्या बरोबर उलट आहे: जोरात आणि खोल. पूड ओढून घ्यायला तुमच्या श्वासाचाच जोर लागतो. दहा सेकंद श्वास रोखल्यावर यंत्र उघडून पाहा, पूड उरली असेल तर पुन्हा ओढा. कॅप्सूल वापरण्याच्या क्षणीच पाकिटातून काढा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघडी राहिलेली कॅप्सूल दमट होऊन तिच्यातल्या पुडीचे गोळे होतात.

स्टेरॉइडचा कोणताही पंप घेतल्यावर चूळ भरा, गुळणी करा आणि पाणी थुंकून टाका. दात घासण्याआधी पंप घेण्याची सवय लावली तर हे विसरत नाही आणि पंपही विसरत नाही.

फवाऱ्याचा पंप संपला की नाही हे हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फवारा देत राहतो. काही पंपांना आकडे दाखवणारी खिडकी असते. नसेल तर उघडल्याची तारीख आणि रोजचे फवारे यांवरून हिशोब ठेवा. पंप उन्हात, रिक्षाच्या किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर, चुलीजवळ ठेवू नका.

नाव वाचा, रंगावर जाऊ नका

निळा म्हणजे आरामाचा असे सर्वसाधारणपणे म्हणतात, पण कंपन्यांगणिक रंग बदलतात. शिवाय दोन औषधे एकत्र असलेले पंप आहेत आणि तिथे एक फरक फार महत्त्वाचा आहे. स्टेरॉइडबरोबर फॉर्मोटेरॉल असेल तर ते लवकर काम करते. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोज घ्यायला आणि दम लागल्यावर जादा घ्यायलाही आता अनेकांना दिला जातो. आराम घेताना सुजेवरचे औषधही आपोआप जाते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र स्टेरॉइडबरोबर साल्मेटेरॉल असेल तर ते सावकाश काम करते आणि अटॅकमध्ये त्यावर विसंबून राहता येत नाही. तुमच्या पंपात यातले कोणते औषध आहे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती फवारे चालतील, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. शेजाऱ्याचा पंप मागून वापरू नका.

डॉक्टर बदलला किंवा दुसऱ्या आजारासाठी गेलात तर दमा असल्याचे सांगा. अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरण्यासाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंब यांनी दमा उसळू शकतो. काही रुग्णांना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही त्रास होतो.

धाप लागणारा प्रत्येक माणूस दम्याचाच असतो असेही नाही. वर्षानुवर्षे चुलीसमोर बसलेल्या बाईला किंवा बिडी ओढणाऱ्या पुरुषाला पन्नाशीनंतर लागणारी धाप बहुधा सीओपीडीची असते. त्याचे पंप वेगळे, क्रम वेगळा. फुंकून पाहायची स्पायरोमेट्री ही चाचणी एकदा करून घेतली की गोंधळ बराच कमी होतो.

अटॅक आला तर

रुग्णाला ताठ बसवा, आडवे करू नका. कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. साल्बुटामॉलचा पंप स्पेसरला लावून एकेक फवारा द्या आणि प्रत्येक फवाऱ्यानंतर चार-सहा श्वास घेऊ द्या. असे चार फवारे, गरज पडल्यास दहापर्यंत. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे भोक पाडून ती वापरता येते. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या अभ्यासात अशी बाटली चांगली उपयोगी ठरली आहे.

आराम पडला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बोलताना वाक्य पूर्ण करता येत नाही, बरगड्यांमधली जागा श्वासाबरोबर आत ओढली जाते, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातो, किंवा पंपाचा आराम तासभरही टिकत नाही, यातले एक जरी दिसले तरी वाट पाहू नका. छातीतली घरघर अचानक थांबली आणि माणूस मात्र थकत चालला, तर ते बरे होण्याचे लक्षण नाही. हवा आत-बाहेर जाणेच कमी झालेले असते. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने प्राणवायूची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. रस्त्यात पंप थांबवू नका. दर वीस मिनिटांनी पुन्हा चार ते दहा फवारे देत राहा, आणि किती वाजता किती दिले ते कागदावर लिहून तो कागद तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या.